परत फिरवलेल्या जहाजावरचा एक माणूस कसा शोधायचा

एकतीस वर्षं मी एका शिपिंग एजन्सीत कागद जुळवले. जहाज धक्क्याला लागायच्या आधी क्रू लिस्ट, पॅसेंजर मॅनिफेस्ट, आजाऱ्यांची नोंद. सुटताना पुन्हा तेच. यादीत एक नाव जास्त निघालं की सगळं गाडं अडायचं, मग लाँच मागवून जहाजावर जायचं आणि डोकी मोजायची. त्यामुळे निवृत्तीनंतर भाचीच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी ‘सेंट लुईस’ जहाजाबद्दल विचारलं, तेव्हा गोष्ट वाचायच्या आधी माझं लक्ष आकड्यांवर गेलं. मे १९३९. जर्मनीतून पळालेले, जवळजवळ सगळे ज्यू असलेले ९३७ प्रवासी. क्यूबाची राजधानी हवाना इथे उतरू दिले २८, बाकीच्यांसह जहाज परत फिरवलं. महिनाभराने युरोपातल्या चार देशांत मिळून उतरले ९०७. बेरीज ९३५.

दोन माणसं कमी. मुलगी म्हणाली, “आजी, दोनानं काय फरक पडतो?” मी म्हटलं, आमच्या धंद्यात दोन माणसं कमी असताना जहाज सुटत नाही.

शोधल्यावर सापडली. एक प्रवासी हवानाला पोचण्याआधीच आजाराने वारला होता. दुसऱ्याने हवानाच्या बंदरात मनगटं कापून पाण्यात उडी घेतली. त्याला वाचवून गावातल्या इस्पितळात नेलं, आणि अशा रीतीने तो क्यूबात पोचला. बायको-मुलं जहाजावरच राहिली. हिशेब जुळला आणि मला रात्री झोप लागेना.

तेव्हापासून मी अशा जहाजांवरच्या माणसांचा एकेक करून माग काढते. आतापर्यंत चौघांचा पूर्ण झाला, पाचव्या बाई अर्ध्यावर आहेत. कॉलेजातली दोन-तीन मुलं मला विचारत होती, हे करतात कसं. इतिहासाची पदवी लागत नाही. चिकाटी लागते, एक जाड वही लागते, आणि एक शिसपेन्सिल. पेन्सिलीचं पुढे सांगते.

आधी जहाज ठरवा

पहिल्यांदाच करत असाल तर ‘सेंट लुईस’च घ्या. त्याची कथा जास्त करुण आहे म्हणून नव्हे. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट (म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) संग्रहालयाने त्यातल्या प्रवाशांचं पुढे काय झालं याचा माणूस माणूस करून शोध घेतलाय, म्हणून. तुम्ही चुकलात तर ताडून बघायला काहीतरी आहे. पोहायला शिकताना आधी कठडा धरतात, तसं.

‘स्ट्रुमा’ पहिल्या फटक्यात घेऊ नका. हे १८६७ सालचं बांधलेलं जहाज, शेवटी शेवटी गुरं वाहायचं. डिसेंबर १९४१ मध्ये रुमानियाच्या कॉन्स्टांत्सा बंदरातून पॅलेस्टाइनला जायला निघालं आणि इंजिन बिघडलेल्या अवस्थेत इस्तंबूलला आलं. तुर्कस्तान कोणाला उतरू देईना, पॅलेस्टाइनवर तेव्हा सत्ता असलेले ब्रिटिश तिथला परवाना देईनात. अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांना घ्यायला ब्रिटिश शेवटी तयार झाले, तर त्यांना जमिनीवरून जाऊ द्यायला तुर्कस्तान तयार होईना. सत्तर दिवस नांगर टाकून उभं राहिल्यावर २३ फेब्रुवारी १९४२ ला तुर्की अधिकाऱ्यांनी ते ओढत काळ्या समुद्रात नेऊन सोडलं, इंजिन बंद असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी सोव्हिएत पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते बुडालं. जिवंत राहिला एक. आणि बुडाले किती? कुठे ७६८ लिहिलंय, कुठे ७८१, कुठे दहा खलाशी धरून ७९१. ज्या जहाजाची यादीच पक्की नाही तिथे नवखा माणूस भरकटतो. मी भरकटले होते.

मॉरिशसचा धागा मात्र जरा सरावल्यावर जरूर घ्या. मॉरिशस म्हटलं की आपल्याला तिथे ऊसमळ्यांत राबायला गेलेली आणि तिथलीच झालेली मराठी माणसं आठवतात. त्याच बेटावर डिसेंबर १९४० मध्ये ब्रिटिशांनी पॅलेस्टाइनमधल्या हैफाच्या किनाऱ्यावरून उचलून सुमारे १,५८० ज्यू निर्वासित आणले आणि बो बासाँच्या तुरुंगात ठेवले. गुन्हा कुठलाच नव्हता. पुरुष कोठड्यांत, बायका आणि मुलं पत्र्याच्या झोपड्यांत. ऑगस्ट १९४५ मध्ये सुटका झाली. सव्वाशेच्या वर माणसं तिथेच वारली, त्यांच्या कबरी सेंट मार्टिन दफनभूमीत आहेत. कबरीवर नाव असतं आणि तारीख असते. शोधणाऱ्याला ते फार मोठं.

नाव: पहिली अडचण

आपण नाव टाइप करतो, काही सापडत नाही, आपण हात टेकतो. माझे पहिल्या खेपेला तीन आठवडे असेच गेले. कारण अगदी साधं निघालं. जर्मन सरकारने ऑगस्ट १९३८ मध्ये हुकूम काढला की ज्यांचं नाव सरकारी यादीतल्या ‘ज्यू’ नावांपैकी नाही, त्या प्रत्येक ज्यू पुरुषाने आपल्या नावात ‘इस्राएल’ आणि बाईने ‘सारा’ घालायचं. १ जानेवारी १९३९ पासून लागू. म्हणजे १९३९ च्या पासपोर्टवर ‘सारा’ दिसलं तर ते आईबापांनी ठेवलेलं नाव असेलच असं नाही. मी माझ्या बाईंना ‘सारा’ लावूनच शोधत बसले होते. ते काढून टाकलं आणि पंधरा मिनिटांत नोंद सापडली. आपण नकळत त्या हुकमाची अंमलबजावणी करत होतो, हे लक्षात आल्यावर फार कसंतरी झालं.

दुसरं, जर्मन अक्षरांवरची दोन टिंबं. जहाजाच्या कप्तानांचंच घ्या, गुस्टाफ श्रोडर. त्यांच्या आडनावात ‘ओ’वर दोन टिंबं आहेत. इंग्रजी कागदांत तिथे ‘ओ-ई’ होतं, आणि घाईतल्या कारकुनाच्या हाती नुसता ‘ओ’. तिन्ही रूपं शोधून बघा. मी स्वतः घाईतली कारकून होते, मला माहीत आहे रात्रपाळीत काय काय लिहिलं जातं.

तिसरं, तारखा. जर्मन कागदावर ३.७. म्हणजे तीन जुलै. अमेरिकी कागदावर ३/७ म्हणजे सात मार्च. एकाच बाईंच्या दोन जन्मतारखा दिसल्या तर आधी दिवस आणि महिना उलटे करून बघा, मगच ‘ही दुसरी व्यक्ती’ म्हणा. उलटही होतं. एकच नाव, एकच गाव, आणि दोन वेगळ्या बायका, चुलत बहिणी. म्हणून नियम असा धरा: नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव या तिन्हींपैकी दोन जुळल्याशिवाय ‘सापडली’ म्हणायचं नाही. दोन जुळले तर पेन्सिलने लिहा. तिन्ही जुळले, तेही वेगवेगळ्या दोन कागदांवर, तरच पेनाने.

कुठे शोधायचं? जर्मनीतलं आरोल्सन अभिलेखागार घरबसल्या फुकट धुंडाळता येतं. छळछावण्यांच्या आणि हद्दपारीच्या याद्यांचा तो सागर आहे. जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारक संस्थेकडे मारल्या गेलेल्यांच्या नावांचा संग्रह आहे, त्यात नातेवाइकांनी स्वतः भरून दिलेले फॉर्म असतात. ते हस्ताक्षर वाचताना डोळे भरून येतात, पण लक्षात ठेवा, फॉर्म पुष्कळदा चाळीस-पन्नास वर्षांनी आठवणीतून भरलेला असतो. आईचं नाव बरोबर असेल, वर्ष चुकलेलं असेल. जर्मन सरकारी अभिलेखागाराचं स्मृतिग्रंथ म्हणून नोंदणीपुस्तक आहे, तेही ऑनलाइन आहे. जर्मन येत नसेल तरी चालतं. जन्म, राहण्याचं ठिकाण, हद्दपारी, मृत्यू, एवढे चार-पाच शब्द वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या.

‘सेंट लुईस’बद्दल आणखी एक. ते हॅम्बुर्गहून १३ मे ला निघालं, पण वाटेत फ्रान्समधल्या शेरबुर्गलाही थांबून प्रवासी घेतले. तुमचा माणूस हॅम्बुर्गच्या यादीत नसेल तर ‘तो या जहाजावर नव्हताच’ असा निष्कर्ष काढू नका.

दोन रकान्यांची पट्टी

आता खरं काम. वहीचं आडवं पान घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे, त्या दिवशी तुमच्या माणसाच्या हातात कोणता कागद होता. उजवीकडे, त्या दिवशी नियम काय होता. तारखेनुसार खाली खाली जायचं. हे मी नोकरीतून उचललं. कागद खरा असतो, सही खरी असते, शिक्का खरा असतो, तरी माणूस गँगवेवर अडतो, कारण मधल्या काळात नियम बदललेला असतो.

‘सेंट लुईस’ची पट्टी करून दाखवते.

ऑक्टोबर १९३८. डावीकडे पासपोर्ट. उजवीकडे, ज्यूंचे पासपोर्ट रद्द. लाल ‘जे’ शिक्का मारून घेतला तरच चालू. इथून पुढे जगातल्या कुठल्याही कारकुनाला पासपोर्ट उघडताक्षणी कळणार की समोर कोण उभं आहे.

नोव्हेंबर १९३८. ९ आणि १० तारखेला सिनेगॉग जाळले, दुकानं फोडली, सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून छावण्यांत टाकलं. त्यातल्या बऱ्याच जणांना सोडलं ते देश सोडून जाण्याच्या अटीवर. हे डावीकडे लिहायला विसरू नका, कारण पुढे कोणीतरी विचारतोच, “एवढी घाई कसली होती? अमेरिकेच्या व्हिसाची वाट का नाही बघितली?” अमेरिकेचा जर्मनी-ऑस्ट्रियासाठीचा वार्षिक कोटा २७,३७० होता आणि रांग काही वर्षांची. बहुतेक प्रवाशांनी त्या रांगेत नाव घातलेलं होतंच. क्यूबा हे त्यांच्यासाठी घर नव्हतं, रांगेत उभं राहायची जागा होती.

१९३९ चा वसंत. डावीकडे, क्यूबाच्या इमिग्रेशन खात्याचे संचालक मानुएल बेनितेस यांच्या सहीचा उतरण्याचा परवाना. उजवीकडे, निर्वासिताला व्हिसा आणि ५०० डॉलरचा बाँड हवा, पर्यटकाला नको. या फटीत बेनितेससाहेबांनी दुकान मांडलं. दीडशे डॉलरच्या आसपास घेऊन परवाने विकले जात. कागद सरकारी, सही अधिकाऱ्याची, पैसे खिशात. आमच्या भाषेत याला काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच वेळी तिकीट. पहिला वर्ग ८०० राइशमार्क, टूरिस्ट वर्ग ६००, आणि शिवाय २३० परतीच्या प्रवासाचे, आगाऊ. जर्मनीतून बाहेर पडताना माणशी दहा मार्क रोख नेता येत. परत यायचं नाही म्हणून निघालेल्या माणसांकडून परतीचं भाडं भरून घेतलं होतं, आणि शेवटी जहाज परत फिरलंच. मी ही ओळ वहीत लिहिली आणि त्या दिवशी काम बंद केलं.

५ मे १९३९. डावीकडे तोच परवाना. उजवीकडे क्यूबाचे अध्यक्ष फेदेरिको लारेदो ब्रू यांचा ९३७ क्रमांकाचा हुकूम. आता परराष्ट्र आणि कामगार खात्यांच्या सचिवांची परवानगी हवी आणि ५०० डॉलरचा बाँड हवा. बेनितेस यांचे कागद रद्द. प्रवासी ९३७ आणि हुकूमही ९३७, हा निव्वळ योगायोग आहे. त्यातून गूढ काढत बसू नका, पण शोधताना गोंधळ होतो म्हणून सांगते.

म्हणजे जहाज सुटायच्या आठवडाभर आधीच कागद मेलेला होता. जहाज कंपनीला हुकमाची कुणकुण होती. प्रवाशांतल्या बहुतेकांना नव्हती. ८ मे ला हवानात ज्यू निर्वासितांच्या विरोधात प्रचंड मोठा मोर्चा निघाला, चाळीस हजारांचा जमाव. तेव्हा तुमचा माणूस हॅम्बुर्गमध्ये ट्रंक बांधत होता. दोन रकाने शेजारी शेजारी असले की असं दिसायला लागतं.

१७ मे १९३९. जहाज अटलांटिकवर. लंडनमध्ये ब्रिटिश सरकारची श्वेतपत्रिका निघाली: पॅलेस्टाइनमध्ये पुढच्या पाच वर्षांत ७५,००० च ज्यू येऊ शकतील. या जहाजाचा तिच्याशी थेट संबंध नाही, तरी ती ओळ लिहा. एकेक दार कधी कधी लागत गेलं ते पट्टीत दिसलं पाहिजे.

२७ मे. हवाना. जहाज बंदरात, धक्क्यापासून दूर. नातेवाईक भाड्याच्या होड्या करून भोवती फिरायचे, खालून नावं पुकारायचे. फोटो भरपूर आहेत. फोटो वापरणार असाल तर होड्या बघा. होड्या आहेत म्हणजे हवाना, २७ मे ते २ जून. प्रवासी हसत कठड्याला टेकलेले असतील तर पाठीमागे काय आहे ते बघून घ्या, अँटवर्पचा फोटो हवानाचा म्हणून सर्रास फिरतो.

‘नाही’ कोण म्हणालं ते नावानिशी लिहा

इथे घोडं पेंड खातं. बरेच जण लिहितात, “जगाने त्यांना नाकारलं.” जग कधी सही करत नाही. सही करतो एक माणूस, एका टेबलामागे, एका तारखेला. म्हणून उजव्या रकान्यात प्रत्येक नकारापुढे लिहा: हा कोणाच्या अखत्यारीत होता, आणि ‘हो’ म्हणायला त्याला काय लागलं असतं.

क्यूबा. ‘हो’ची किंमत ठरली होती, ४,५३,५०० डॉलर. भागिले ५०० करा. ९०७. आमची माणसं! जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी या ज्यूंना मदत करणाऱ्या अमेरिकी संस्थेचे वकील लॉरेन्स बेरेन्सन यांनी उलट प्रस्ताव दिला, अध्यक्षांनी बोलणी तोडली. मला वाटतं बेरेन्सन यांनी घासाघीस करायला नको होती. पण हे आज चहा पीत म्हणणं सोपं आहे. त्यांच्यासमोर एकच जहाज नव्हतं. ‘ओर्दुन्या’ आणि ‘फ्लांद्र’ ही दोन जहाजंही त्याच आठवड्यात तिथेच अडली होती, आणि दर जहाजामागे एवढी रक्कम हा पायंडा पडला तर पुढच्यांचं काय, हा प्रश्न होता.

अमेरिका. २ जूनला हवानाहून हाकलल्यावर जहाज फ्लोरिडाच्या किनाऱ्याने रेंगाळलं. प्रवाशांना मायामीचे दिवे दिसत होते. रूझवेल्ट यांना तार केली, उत्तर आलं नाही. परराष्ट्र खात्याने कळवलं की आपापला नंबर येईपर्यंत थांबा. कायद्याने ते अगदी बरोबर होतं, म्हणूनच मला ते जास्त टोचतं. कॅनडात ज्यांच्या हातात निर्णय होता ते इमिग्रेशन प्रमुख फ्रेडरिक ब्लेअर ठाम विरोधात होते. त्या नकाराची माफी कॅनडाच्या पंतप्रधानांनी ७ नोव्हेंबर २०१८ ला संसदेत मागितली. तीही तारीख पट्टीत लिहा, अगदी तळाशी.

आणि ‘हो’ कसा मिळतो ते बघायचं असेल तर ‘क्वान्झा’ नावाचं पोर्तुगीज जहाज जोडीला ठेवा. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट फार आवडते. ऑगस्ट १९४० मध्ये लिस्बनहून निघालं. कागद ठीक असलेले बरेच जण न्यूयॉर्कला उतरले, थोडे मेक्सिकोत. ऐंशीच्या आसपास उरले, त्यांना मेक्सिकोनेही घेतलं नाही. परतीच्या वाटेवर जहाज कोळसा भरायला व्हर्जिनियातल्या नॉर्फोकला थांबलं. तिथले वकील जेकब मॉरेविट्झ यांनी काही प्रवाशांच्या वतीने जहाज कंपनीवरच दावा ठोकला: ठरल्या ठिकाणी पोचवलं नाही, भरपाई द्या. बाकी जगाला हा मामुली दावा वाटेल. बंदरातल्या माणसाला कळतं की यात काय केलं. दावा लागला की जहाज अडतं. तारण भरल्याशिवाय सुटत नाही. म्हणजे दिवस मिळाले. त्या दिवसांत एलेनॉर रूझवेल्ट यांच्यापर्यंत निरोप पोचला, वॉशिंग्टनहून माणूस आला, त्याने कागद तपासून उरलेल्यांना निर्वासित म्हणून उतरवून घेतलं. कायदा तोच, देश तोच, ‘सेंट लुईस’नंतर जेमतेम सव्वा वर्ष. तुमच्या पट्टीत कुठे कोणाला चार दिवस मिळाले असते तर चाललं असतं, ते या जहाजामुळे शोधायची सवय लागते.

कप्तान श्रोडर तेच करत होते, दिवस मिळवत होते. जहाज हळू चालवलं. त्याआधी शुक्रवारच्या प्रार्थनेसाठी मोठा हॉल दिला आणि प्रार्थनेपुरती तिथली हिटलरची तसबीर उतरवू दिली. १९९३ मध्ये याद वाशेमने त्यांना मरणोत्तर मान दिला. त्यांच्याबद्दल खूप लिहिलं जातं आणि ते योग्यच आहे, पण तुम्ही कप्तानात अडकू नका. आपण प्रवासी शोधतोय.

जहाज टेकलं की पान उलटा

बहुतेक सगळे १७ जून १९३९ ला, अँटवर्पला, गोष्ट संपवतात. आपलं काम तिथून सुरू होतं.

बेल्जियमने २१४ घेतले, नेदरलँड्सने १८१, फ्रान्सने २२४, ब्रिटनने २८८. (कुठे २८७ दिसेल, एकाचा फरक या कामात कायम राहतो, घाबरू नका, लिहून ठेवा.) पहिला प्रश्न हाच विचारायचा: माझा माणूस कुठे उतरला? कारण त्या एका उत्तराने पुढचं सगळं फिरलं. ब्रिटनमध्ये गेलेले एक सोडून सगळे युद्धातून वाचले. तो एक १९४० मध्ये हवाई हल्ल्यात गेला. बाकीच्या तीन देशांत गेलेल्यांपैकी ८७ जण मे १९४० मध्ये जर्मन फौजा येण्याआधी निसटले. ५३२ अडकले. त्यातले २५४ मारले गेले.

देश कळला की दारं वेगळी. नेदरलँड्स असेल तर वेस्टरबोर्क बघा. ती छावणी डच सरकारने १९३९ मध्ये निर्वासितांना ठेवायला उभारली होती, आणि ‘सेंट लुईस’वरचे काही तिथे अगदी सुरुवातीला राहायला गेले. पुढे जर्मनांनी तीच वापरली, पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांना जाणाऱ्या आगगाड्या भरायला. त्यामुळे वेस्टरबोर्कची नोंद दिसली की तारीख बघितल्याशिवाय अर्थ लावू नका. १९३९ ची असेल तर आसरा, १९४२ नंतरची असेल तर दुसरंच काहीतरी. बेल्जियम असेल तर मेखलेन गावातली दोसिन बराकींची छावणी, तिथल्या गाड्यांच्या याद्या क्रमांकासह आहेत. फ्रान्स असेल तर द्रांसीची छावणी, आणि दक्षिणेत गुर्सची. याद्या टंकलिखित असतात, नावापुढे जन्मतारीख आणि बऱ्याचदा व्यवसाय. मी आयुष्यभर अशाच याद्या बनवल्या. ओळी सरळ, रकाने नेटके, कुठे खाडाखोड झाली तर तिथे आद्याक्षरी सही. पहिल्यांदा ती यादी उघडली तेव्हा मनात आलं ते हे की टायपिंग चांगलं आहे. मग स्वतःचीच लाज वाटली. हे सांगते, कारण तुम्हालाही काहीतरी विचित्र वाटेल आणि तुम्ही घाबराल.

वाचलेल्यांना शोधणं उलट जास्त अवघड. मेलेल्यांच्या याद्या असतात. जगलेली माणसं लग्नं करतात, आडनावं बदलतात, दुसऱ्या देशात जाऊन फोनच्या डिरेक्टरीतलं एक नाव होतात. त्यांच्यासाठी १९४० आणि १९४५ नंतरच्या अमेरिकी जहाजांच्या याद्या बघा. त्यात एक रकाना असतो, ‘कोणाकडे जाणार’. त्या एका रकान्याने मला दोनदा वाट दाखवली.

कोणी हयात वारस सापडला तर लगेच पत्र लिहायला धावू नका. माझी एकदा चूक झाली. एका गृहस्थांना मी उत्साहाने त्यांच्या मावशीची गाडी क्रमांकासह कळवली. त्यांना ती माहिती नको होती. संग्रहालयामार्फत विचारा, त्यांना हे काम कसं हळुवार करायचं ते माहीत असतं. आणि त्या घरातल्या आजच्या माणसांची नावं-पत्ते तुमच्या लेखनात घालू नका.

शेवटी एका माणसाचं एकच पान करा. वर नाव, ‘सारा’ किंवा ‘इस्राएल’ न लावता. खाली पट्टी. जिथे माहिती नाही तिथे जागा मोकळी सोडा. “बहुधा तिला वाटलं असेल” वगैरे वाक्यांनी भरू नका. जन्मतारीख किंवा स्पेलिंग चुकलेलं आढळलं आणि तुमच्याकडे कागद असेल तर अभिलेखागाराला कळवा. माझ्या एका दुरुस्तीला त्यांनी चार महिन्यांनी उत्तर दिलं, दोन ओळींचं, आणि नोंद बदलली. एकतीस वर्षांच्या नोकरीत एवढा आनंद कुठल्या पत्राने दिला नव्हता.

माझ्या पाचव्या बाई टूरिस्ट वर्गात होत्या, बेल्जियममध्ये उतरल्या. १९४० च्या मे मध्ये पुष्कळजण दक्षिणेकडे पळाले, तशा त्याही फ्रान्समध्ये गेलेल्या दिसतात, कारण त्याच नावाची आणि त्याच जन्मगावाची एक बाई गुर्सच्या नोंदीत आहे. जन्मतारखेत दिवस जुळतो, महिना जुळत नाही. भाचीची मुलगी आता कॉलेजात आहे, दर रविवारी विचारते, “मिळाल्या का?” तीनपैकी दोन जुळल्यात. वहीत पेन्सिलने लिहिलंय.